दोन फाइंडक्लोज

प्रश्न : लाझारसमध्ये (पास्कल भाषेत प्रोग्राम लिहायचं साधन) फोल्डरमधल्या फायली मोजणारा छोटा प्रोग्राम लिहिला. लिनक्सवर नीट चालतो. विंडोजवर मात्र कंपायलर फाइंडक्लोजच्या, म्हणजे फायलींचा शोध बंद करणाऱ्या आज्ञेच्या, ओळीवर अडतो. कोड तोच, मग असं का?

उत्तर : तुमची यूझेसची ओळ, म्हणजे प्रोग्राम वापरतो त्या युनिटांची (तयार कोडच्या संचांची) यादी, पाहिली आणि हसू आलं. याच फाइंडक्लोजने माझी रविवारची अख्खी दुपार खाल्ली होती. तुम्ही सिसयुटिल्स या युनिटच्या नंतर, आयएफडेफच्या (‘फक्त विंडोजवर असेल तर’ या अटीच्या) आत, ‘विंडोज’ नावाचं युनिट घेतलंय. फाइंडक्लोज दोन्हींत आहे. सिसयुटिल्समधल्याला टीसर्चरेक (शोधाची माहिती ठेवणारा रेकॉर्ड) लागतो, विंडोजमधल्याला नुसतं हँडल (त्या शोधाची ओळखखूण). पास्कल ही यादी शेवटाकडून शोधत येतं, म्हणून विंडोजवाला आधी सापडतो. लिनक्सवर ते युनिटच नाही, त्यामुळे भानगडही नाही.

‘सिसयुटिल्स.फाइंडक्लोज’ असं आडनावासकट लिहा. युनिटांचा क्रम बदलूनही भागेल. पण पुढे कुणीतरी हौसेने यादी इंग्रजी वर्णानुक्रमे लावतो, विंडोज पुन्हा तळाला जातं आणि पहिले पाढे पंचावन्न. डिलीटफाइललाही आडनाव लावा, तेही दोन्हीकडे आहे : एकाला स्ट्रिंग लागते, दुसऱ्याला पीचार (मजकुराच्या जागेचा पत्ता). शोध सुरू करणाऱ्या फाइंडफर्स्टला गरज नाही. विंडोजमध्ये त्याचं नाव फाइंडफर्स्टफाइल आहे.