'बाबासो' हे नाव की हाक?

कागल तालुक्यातल्या एका वाचकानं विचारलंय: 'घराण्याची वंशावळ लिहायला घेतली आहे. पणजोबांना घरात सगळे आबा म्हणायचे. जुन्या सातबाऱ्यावर 'बाबासो बिन तुकाराम' असं नाव आहे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र वडिलांचं नाव रामचंद्र. हा एकच माणूस समजायचा का? खरं नाव कोणतं धरायचं? आणि हे 'सो' काय प्रकरण आहे?'

आधी 'सो'चं बघू, ते सोपं आहे. 'सो' म्हणजे साहेब. कोल्हापूर-सांगली-सातारा पट्ट्यात अर्जाचा मायना अजूनही 'मा. तहसीलदारसो यांस' असा लिहितात, तोच हा 'सो'. बाबासाहेबाचं बाबासो, आप्पासाहेबाचं आप्पासो, दादासाहेबाचं दादासो. कागदावर जागा वाचवायला आखडलेला साहेब पुढं तोंडात बसला. आता बाळासो अशीच हाक मारतात, लग्नपत्रिकेत तसंच छापतात, आधारकार्डावरही तेच येतं, आणि हे काही आखूड केलेलं आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. बाहेरगावी नोकरीला गेलेल्या पोराला मात्र 'तुझ्या वडिलांचं पूर्ण नाव सांग' असं विचारतात, तेव्हा पंचाईत होते. मग 'बाबासो आणि बाबासाहेब ही एकाच व्यक्तीची नावे आहेत' असं प्रतिज्ञापत्र करावं लागतं.

पण सो उलगडून बाबासाहेब लिहिलं म्हणून पणजोबांचं नाव हाती आलं, असं होत नाही. बाबा ही नात्याची हाक आणि साहेब हा मान. बारशात ठेवलेलं नाव या दोन्हींत नाही.

आपल्याकडं नात्याच्या अशा हाकांची रेलचेल आहे. आबा, तात्या, नाना, बापू, भाऊ, दादा तर आहेतच, शिवाय कानडी शेजारामुळं अण्णा, अप्पा, अक्का. कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अक्का म्हणजे थोरली बहीण, अप्पा म्हणजे बाप. आमच्या घरात मात्र अप्पा होते ते धाकटे चुलते आणि अण्णा होते ते आजोबा! हाक एकदा चिकटली की नातं बदललं तरी ती सुटत नाही. थोरल्या पोरानं बापाला 'दादा' म्हटलं की धाकटी पोरंही म्हणतात, मग भावकी म्हणते, मग गाव.

या हाकेवरून पाळण्यातलं नाव काढता येत नाही, हे वंशावळ लिहिणाऱ्यानं पक्कं ध्यानात ठेवावं. इतिहासातले तीन नाना बघा. नानासाहेब पेशवे म्हणजे बाळाजी बाजीराव, नाना फडणवीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, आणि 1857 चे नानासाहेब म्हणजे धोंडोपंत. दोन बाळाजी निघाले म्हणून 'नाना म्हणजे बाळाजी' असा नियम करायला जावं, तर तिसरा आडवा येतो. तात्यांचंही तसंच. तात्या टोपे रामचंद्र पांडुरंग, तर आपल्या वारणेचे तात्यासाहेब कोरे विश्वनाथ. टिळकांचं जन्मनाव केशव, पण घरातलं 'बाळ' इतकं घट्ट बसलं की पुढं 'बाळ गंगाधर' हेच नाव झालं.

पांडू, सदू, म्हादू, नामा, दत्तू यांची जात वेगळी. ही मूळ नावाची मोडतोड आहे. पांडूचा पांडुरंग आणि सदूचा सदाशिव बहुतेक वेळा बिनघोर करता येतो. बाळूचा बाळकृष्ण मात्र करू नका. बाळू हा नुसता बाळही असतो, आणि आमच्या पेठेत तर सत्तरीतले बाळू आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे दगडू, धोंडू, केरबा, कचरू. शहरातली नातवंडं यांना टोपणनावं समजून मागं एखादं 'चांगलं' नाव शोधत बसतात. मागं काही नसतं. आधीची मुलं जगली नाहीत म्हणून दृष्ट लागू नये यासाठी ठेवलेलं ते खरंखुरं नाव.

गाण्याची आवड असलेल्यांसाठी थोडं विषयांतर. शाहू महाराजांनी ज्यांना दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात आणलं त्या अल्लादिया खाँसाहेबांचं नाव गुलाम अहमद. त्यांचे मुलगे मंजी खाँ आणि भुर्जी खाँ म्हणजे अनुक्रमे बद्रुद्दीन आणि शमसुद्दीन. शिष्यपरंपरेच्या तक्त्यात मंजी-भुर्जी सगळ्यांना माहीत. बद्रुद्दीन म्हटलं तर जाणकारही क्षणभर थांबतील.

घरातल्या घरात एवढं नाव लपवायचं कारण काय? नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत आणि सासऱ्याचं नाव सुनेनं तोंडातून काढायचं नाही हाही दंडक. मग सून पोराला हाक कशी मारणार? म्हणून पोराचा बाळू होतो, बापू होतो, आणि रामचंद्र उरतो तो शाळेच्या रजिस्टरात आणि श्राद्धाच्या संकल्पात. आमचे अण्णा गेले तेव्हा भटजींनी त्यांच्या वडिलांचं आणि आजोबांचं नाव विचारलं. चार शिकलेले मुलगे एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिले.

दत्तकाचाही गुंता असतो, आणि त्यात नाव आणि शाखा दोन्ही बदलतात. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव 1884 मध्ये दत्तक गेले आणि शाहू झाले. घाटग्यांच्या वंशावळीत ते जयसिंगराव आबासाहेबांचे पुत्र, छत्रपतींच्या वंशावळीत चौथ्या शिवाजींच्या मागून येणारे.

आता तुमच्या पणजोबांकडं. बाबासो आणि रामचंद्र एकच असण्याची शक्यता मोठी आहे, पण शक्यतेवर वंशावळ लिहू नये. तुकाराम वारल्यावर झालेला वारसाचा फेरफार, म्हणजे जमीन वारसांच्या नावावर चढवल्याची नोंद, काढा. त्यात सगळे वारस नात्यासकट एका जागी येतात. तिथं नुसता रामचंद्र असेल किंवा नुसता बाबासो असेल, आणि गट तोच असेल, तर काम झालं. रामचंद्र आणि बाबासो दोघंही ओळीनं लिहिलेले असतील तर ते सख्खे भाऊ, आणि सातबाऱ्यावरचे बाबासो तुमचे चुलत पणजोबा. माझ्या ओळखीत एकानं अशा दोन भावांचा एक माणूस करून ठेवला होता. अख्खी एक शाखा त्यामुळं गायब झाली होती.

जुन्या कागदात 'बिन' किंवा 'वल्लद' म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि 'कोम' किंवा 'भ्रतार' आलं की पुढचं नाव नवऱ्याचं. बायकोचं नाव दोन्ही कागदांत जुळलं तर तो पुरावा नवऱ्याच्या नावापेक्षा भक्कम, मात्र लग्नात तांदळात लिहून बदललेलं माहेरचं नाव वेगळं असेल हे विसरू नका. चावडीतलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूची नोंदवही (गाव नमुना 14), बघताना हिरमोड होऊ देऊ नका. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बापाचं नाव आणि पुढं 'मुलगा झाला' एवढंच असतं, कारण तोवर बारसं झालेलं नसतं. आणि तुमच्या भावकीकडं हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत गावोगाव फिरणारे लोक, येत असतील तर त्यांना बसवून चहा पाजा आणि त्यांच्याकडची वंशावळ ऐका. पिढ्यांचा क्रम त्यांच्याकडं पक्का असतो.

लिहिताना 'रामचंद्र ऊर्फ बाबासो' असं लिहा आणि 'घरात आबा' हेही बाजूला टिपा. 'खरं नाव' असा रकाना करू नका. शाळेत रामचंद्र, चावडीत बाबासो, माजघरात आबा, तिन्ही आपापल्या जागी खरी आहेत. रकाना करायचाच तर 'कोणत्या कागदात' असा करा.

फेरफार मिळाला नाही आणि भावकीत नव्वदीतली एखादी म्हातारी असेल, तर तिला सासऱ्याचं नाव विचारू नका, ती तोंडावर पदर घेईल. नवऱ्याचंच हवं असेल तर उखाणा घ्यायला सांगा.