मित्राने वापरलेली पोर्शे बॉक्स्टर घेतली आहे. ती धुवायला आणि सांभाळायला त्याला कसं शिकवू?

तुम्ही लिहिलंय की गाडी 981 पिढीची आहे, मित्र पहिल्यांदाच अशी गाडी सांभाळतोय, आणि सोसायटीत रोज गाड्या पुसणारे काका आता तिलाही फडकं मारू लागलेत. याच पिढीची बॉक्स्टर मी पुण्यात माझ्या एका मित्राला धुवायला शिकवली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिल्याच दिवशी त्याला शाम्पू, वॅक्स आणि ब्रशांची खरेदी करायला लावू नका. आधी रंग बघायला शिकवा. संध्याकाळी पार्किंगमध्ये अंधार झाला की मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर तिरका धरा. टॉर्चच्या ठिपक्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक गोल ओरखडे दिसतील. सावलीत किंवा ढगाळ उजेडात ते दिसत नाहीत, म्हणून गाडी ‘एकदम नवी’ वाटते. हे ओरखडे रस्त्यावर पडलेले नसतात, पुसताना पडलेले असतात. शेजारी बांधकाम चालू असेल तर गाडीवर बसणाऱ्या धुळीत वाळूचे आणि खडीच्या भुकटीचे कण असतात. कोरडं किंवा नुसतं ओलसर फडकं त्यावरून फिरवलं की ते कण रंगावर घासले जातात. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40 ते 50 मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाचा केससुद्धा बहुतेक वेळा त्याहून जाड असतो. पॉलिश करून ओरखडे घालवताना याच थराचा थोडा भाग घासून काढला जातो, आणि तो परत येत नाही. मित्राला हे एकदा डोळ्यांनी दिसलं की पुढची निम्मी शिकवणी झालीच म्हणून समजा.

आता प्रत्यक्ष धुणं. सकाळी लवकर, सावलीत, गाडी पूर्ण थंड असताना. फिरवून आणल्यावर लगेच तापलेल्या ब्रेक डिस्कवर गार पाणी मारायचं नाही, डिस्क वाकडी होण्याचा धोका असतो. सुरुवात चाकांपासून करा, आणि त्यांची बादली, ब्रश, फडकी कायम वेगळी ठेवा. चाकावरची काळी पूड ही ब्रेक पॅडची आणि डिस्कच्या लोखंडाची असते. तिचा एक कण जरी दाराच्या फडक्यात गेला तर दाराचं नुकसान. या पुडीसाठी आयर्न रिमूव्हर मिळतो. लोखंडाशी संयोग झाला की तो जांभळा होऊन ओघळतो, आणि शिकणाऱ्याला चाकात किती लोखंड रुतलं होतं ते स्वच्छ दिसतं. तो चाकावर सुकू मात्र द्यायचा नाही.

मग अंगावर नुसतं पाणी, आणि ते भरपूर वेळ. हात न लावता जेवढी धूळ वाहून जाईल तेवढी जाऊ द्यायची. प्रेशर वॉशर असेल तर नोझल निदान फूटभर लांब. त्यानंतर दोन बादल्या: एकीत गाडीचा शाम्पू (भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पावडर नको, त्याने वॅक्स उतरतं), दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा आणि मगच परत शाम्पूत घालायचा. टपापासून खाली, सरळ रेषेत, दाब न देता. दारांच्या खालचा पट्टा आणि मागचा बंपर सगळ्यात शेवटी, कारण खरा चिखल तिथे असतो. धुऊन झाल्यावर साध्या पाण्याची बादली हळूच ओतून तळ दाखवा. तळाशी बसलेली वाळू बोटाला लागते. ‘ही एका बादलीत असती तर सगळी बॉनेटवर फिरली असती’ एवढंच म्हणा.

हे सगळं त्याच्या हातून झालं पाहिजे. एक दार तुम्ही करून दाखवा आणि मग बाजूला उभे राहा. त्याला वेळ लागेल, शाम्पू जास्त पडेल, कोपरा राहील. चालेल. तुम्ही हातमोजा घातलात की तो बघत राहतो आणि पुढच्या रविवारी पुन्हा तुम्हालाच फोन येतो. स्वतःच्या हाताने धुणारा माणूस गाडीचा प्रत्येक इंच बघतो. टायरच्या बाजूला आलेला फुगवटा, काचेवरचा खडीचा टवका, बंपरखाली घासलेली कड हे सगळं धुतानाच सापडतं. माझा तर ठाम समज आहे की अशा गाडीची निम्मी देखभाल धुण्यातच होते.

पाण्याबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपल्याकडे खरं नुकसान तिथे होतं. बोअरचं आणि बऱ्याच टँकरचं पाणी जड असतं. ते अंगावर वाळलं की कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पांढऱ्या कड्यांच्या रूपात मागे राहतात, आणि उन्हात ती कडी रंगात रुततात. पुण्यात महापालिकेचं खडकवासल्याचं पाणी येत असेल तर शेवटची धार त्याचीच मारा, ते बोअरच्या पाण्यापेक्षा बरंच मृदू असतं. घरच्या आरओ फिल्टरमधून बाहेर टाकलं जाणारं पाणी काटकसर म्हणून काही जण गाडीला वापरतात. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त साठलेले असतात, ते अजिबात नको. पाणी वाळायच्या आत मोठा मायक्रोफायबर टॉवेल पसरून हलक्या हाताने ओढून टिपून घ्यायचं. शेवटी एक छोटी फेरी मारून हलके ब्रेक लावायचे, म्हणजे डिस्क कोरड्या होतात. ओल्या डिस्कवर रात्रीत गंजाचा थर येतो.

उन्हाळ्यात पाणीकपात असेल तेव्हा पाइप लावून गाडी धुणं मला पटत नाही. हलकी धूळ असेल तर रिन्सलेस वॉश पुरतो: एक बादली पाणी, त्यात ते द्रावण, आठ-दहा मायक्रोफायबर फडकी, आणि फडक्याची प्रत्येक बाजू एकदाच वापरायची. चिखल असेल तर मात्र ही पद्धत नको.

महिन्या-दोन महिन्यांनी त्याला आणखी एक प्रयोग करायला सांगा. धुतलेल्या, कोरड्या बॉनेटवर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बोटं फिरवायची. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. ते रंगात रुतलेले कण. क्ले बार (मऊ मातीसारखी वडी) भरपूर वंगण फवारून फिरवला की ते निघतात. पण क्ले उगाच वारंवार वापरायचा नाही, त्याचेही बारीक ओरखडे पडतात. सिरॅमिक कोटिंगबद्दल त्याला दुकानात मोठमोठी आश्वासनं मिळतील. कोटिंगमुळे पाणी घसरतं आणि घाण कमी चिकटते, हे खरं. कोरडं फडकं मारलं तर त्यावरही ओरखडे पडतात, हेही खरं. खडीच्या टवक्यांपासून रंग वाचवायचा असेल तर पुढच्या भागाला पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची पारदर्शक संरक्षक फिल्म, लावणं जास्त उपयोगाचं.

इथपर्यंतचं कुठल्याही चांगल्या गाडीला लागू आहे. बॉक्स्टरच्या स्वतःच्या काही गोष्टी आहेत आणि त्या नव्या मालकाला कोणी सांगत नाही.

एक, उघडता येणारा कापडी टप. त्यावर वॅक्स किंवा सिलिकॉनचं चकाकी आणणारं काही लावायचं नाही. मऊ ब्रश, कापडासाठीचं क्लीनर, भरपूर पाणी, आणि पूर्ण वाळल्यावर पाणी झटकणारा स्प्रे. हे मे महिन्यात करून ठेवलं की पावसाळा सोपा जातो. ओला टप कधीही घडी करून ठेवायचा नाही, आपल्या दमट हवेत त्याला बुरशी धरते.

दोन, निचऱ्याची भोकं. टप अर्ध्यावर थांबवला की दोन्ही बाजूंना मागच्या कोपऱ्यांत, टपावरून येणारं पाणी खाली नेणाऱ्या नळ्यांची तोंडं दिसतात. गाडी गुलमोहर किंवा चिंचेखाली उभी राहत असेल तर त्या बारीक पानांनी ही तोंडं बुजतात, पाणी तुंबतं आणि सीटखालच्या गालिच्यात उतरतं. तिथे वायरिंग आहे, आणि गालिच्याखालची ओल आठवडे वाळत नाही. जूनच्या आधी पानं हाताने वेचून काढायची आणि तांब्याने सावकाश पाणी ओतून ते गाडीखाली पडतंय का बघायचं. लोखंडी तार घालायची नाही आणि कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही, जोराने आतली नळी सांध्यातून सुटू शकते. हे एक काम तुमच्यासमोर करून घ्याच. यात चूक झाली तर ती सगळ्यात महाग पडते.

तीन, रेडिएटर. इंजिन सीटच्या मागे असलं तरी रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांमागे आहेत, आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर. पानं, पिशव्यांचे तुकडे, किडे तिथे साठतात, पावसात कुजतात, आणि त्या ओलीने ॲल्युमिनियम गंजतं. टॉर्च लावून बघायचं, लांब तोंडाच्या व्हॅक्यूमने ओढून काढायचं. जवळून प्रेशर वॉशर मारला तर पातळ पत्र्या वाकतात.

ऑइलची गंमत आहे. मित्र पुढचं झाकण उघडेल तर सामानाची जागा, मागचं उघडेल तर तिथेही सामानाची जागा. ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं मागच्या डिकीत आहेत, आणि ऑइल मोजायची पट्टी या पिढीत नाहीच. पातळी डॅशबोर्डच्या स्क्रीनवर बघायची, गाडी सपाट जागी आणि इंजिन गरम असताना. कमी दिसलं तर थोडंथोडं घालायचं, जास्त भरणंही वाईटच. ‘रोज पाच मिनिटं चालू करून ठेव, बॅटरी उतरणार नाही’ हा सल्ला त्याला घरोघरी मिळेल. तो ऐकू देऊ नका. एवढ्या वेळात ऑइल तापत नाही, त्यात ओल आणि पेट्रोल उतरत राहतं, आणि बॅटरीही नीट भरत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा सकाळी ताम्हिणीच्या रस्त्याला अर्धा-पाऊण तास नेऊन आणा. ऑइलचं तापमान 80 अंशांच्या पुढे जाईपर्यंत इंजिन ओढायचं नाही. कूलंट आधी तापतं, ऑइल बऱ्याच नंतर.

बॅटरी उतरलीच तर एक विचित्र अडचण होते. ती पुढच्या झाकणाखाली आहे आणि त्या झाकणाचं कुलूप विजेवर चालतं. पाय ठेवायच्या जागेतल्या फ्यूजच्या डब्यात बाहेर ओढायचं एक लाल टोक असतं, त्याला बाहेरून 12 व्होल्ट दिले की झाकण उघडता येतं. गाडीच्या पुस्तिकेत ते चित्रासह दिलंय. घरात निवांत असताना दोघांनी मिळून ते शोधून ठेवा. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर (बॅटरी भरलेली ठेवणारा छोटा चार्जर) लावणंच उत्तम.

टायर थंड असताना हवा तपासायची. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे आहेत, त्यामुळे पुढचे मागे घालता येत नाहीत. मागचे आतल्या कडेला लवकर झिजतात, म्हणून हात आत घालून चाचपायचं. बाजूला छापलेल्या तारखेच्या चार आकड्यांतले पहिले दोन आठवडा सांगतात आणि शेवटचे दोन वर्ष. वापरलेल्या गाडीचे टायर दिसायला भरलेले आणि वयाने म्हातारे असू शकतात. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी कितीही कमी चाललेली असो. जॅक लावून गाडीखाली शिरायची कामं मित्राला शिकवू नका, ती चांगल्या वर्कशॉपची.

राहता राहिले ते गाडी पुसणारे काका. त्यांचे पैसे तोडू नका. गाडी बदलली म्हणून त्यांची कमाई कमी व्हायचं कारण नाही. मित्राने स्वतः जाऊन नीट सांगावं की काका, बाहेरून हात लावू नका, आतल्या काचा आणि पायपोस तेवढे करा. त्यासाठी दोन चांगली मायक्रोफायबर फडकी त्यांना आणून द्यावीत. आणि पक्ष्याची विष्ठा दिसली तर लगेच फोन करा, हेही सांगावं. ती उन्हात काही तासांत क्लिअर कोट खाते, आणि दिवसभर पार्किंगमध्ये त्यांच्याइतकं लक्ष कोणाचंच नसतं.