वाचकांचे प्रश्न : व्हायरस, वर्म आणि ट्रोजन

प्रश्न : सोसायटीच्या हिशेबाच्या फाइली छापून घेण्यासाठी मी पेन ड्राइव्ह ठाणे स्थानकाजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात नेला होता. घरी येऊन पाहतो तर सगळे फोल्डर नाहीसे झालेले आणि त्यांच्या जागी त्याच नावांचे शॉर्टकट. फाइली कायमच्या गेल्या का?
— एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : बहुधा गेलेल्या नाहीत. दिवसभर अनेकांचे पेन ड्राइव्ह जोडले जातात अशा संगणकांवर हा जुना प्रकार अजूनही आढळतो. पेन ड्राइव्हमधून शिरलेला घातक प्रोग्रॅम मूळ फोल्डरांवर ‘लपवलेले’ आणि ‘सिस्टिमचे’ अशा दोन खुणा करतो, त्यामुळे विंडोज ते आपल्याला दाखवत नाही. त्यांच्या जागी तो शॉर्टकट मांडून ठेवतो. शॉर्टकट उघडला की आधी तो प्रोग्रॅम चालतो आणि मग खरे फोल्डर समोर येते. काम अडत नाही, म्हणून संशयही येत नाही आणि तेवढ्यात घरच्या संगणकात त्याचा शिरकाव झालेला असतो.

तेव्हा शॉर्टकट उघडू नयेत. अद्ययावत अँटिव्हायरसने संगणक आणि पेन ड्राइव्ह दोन्ही तपासून घ्यावेत. त्यानंतर फाइल एक्स्प्लोररच्या पर्यायांत जाऊन लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय सुरू करावी आणि सिस्टिमच्या संरक्षित फाइली लपवण्याच्या पर्यायापुढची खूण काढावी. फोल्डर फिकट रंगात दिसू लागले की आपल्या ओळखीच्या फाइली तेवढ्या संगणकावर उतरवून घ्याव्यात आणि पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावा. दुकानदारावर रागावण्यात मात्र अर्थ नाही, कारण त्याच्याकडेही हा प्रोग्रॅम बहुधा कुणा गिऱ्हाइकाच्याच पेन ड्राइव्हवरून आलेला असतो. पुढच्या वेळी फाइल ईमेलने पाठवून छापून घेतली, तर पेन ड्राइव्ह न्यायची गरजच उरणार नाही.

प्रश्न : माझे काका २०१७ साली न्हावा शेवा बंदरातील कंटेनर वाहतुकीच्या व्यवसायात होते. व्हायरसमुळे एक टर्मिनल ठप्प झाले होते, असे ते सांगतात. तिथे कुणी भलतीच लिंक उघडली होती का?
— एक वाचक, उलवे, नवी मुंबई

उत्तर : न्हावा शेव्यातल्या कुणी काही उघडण्याची आवश्यकताच नव्हती. २७ जून २०१७ रोजी पसरलेला तो प्रोग्रॅम ‘नॉटपेट्या’ या नावाने ओळखला जातो. त्याचा उगम युक्रेनमध्ये कर आणि हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘एम.ई.डॉक’ या सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये होता. हल्लेखोर त्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये शिरले होते, आणि ग्राहकांनी विश्वासाने घेतलेल्या अपडेटबरोबर हा प्रोग्रॅमही त्यांच्या संगणकांत उतरला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणकांचे जाळे त्यात सापडले, आणि न्हावा शेवा येथील गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल त्याच समूहाकडून चालवले जात असल्यामुळे त्याचे कामकाज विस्कळित झाले.

आपल्या काकांनी वापरलेला शब्द बोलण्यात रूढ असला, तरी येथे भेद करणे उपयोगाचे आहे. व्हायरस दुसऱ्या फाइलला चिकटून राहतो आणि ती फाइल कुणी उघडेपर्यंत थांबतो. वर्म जाळ्यातून एका संगणकावरून दुसऱ्यावर आपला आपण जातो. नॉटपेट्या वर्मसारखा पसरत होता आणि त्याच्याकडे दोन वाटा होत्या. पहिली, विंडोजमधील एक त्रुटी, जिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ हा दुसरा वर्म याच त्रुटीतून जगभर पसरला होता. दुसरी वाट अधिक घातक होती: एका संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलून तो त्यांच्या आधारे शेजारच्या संगणकांत शिरत असे, त्यामुळे दुरुस्ती केलेले संगणकही त्यातून सुटले नाहीत.

संगणकातील माहिती कुलूपबंद करून पडद्यावर ३०० डॉलरच्या बिटकॉइनची खंडणी मागितली जात होती, पण तो देखावा होता. दाखवलेल्या ओळख क्रमांकावरून कुलूप उघडण्याची किल्ली तयार करणे खुद्द हल्लेखोरांनाही शक्य नव्हते, म्हणजे पैसे भरूनही माहिती परत मिळाली नसती. मर्स्कला सुमारे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. कंपनीच्या जाळ्यातील वापरकर्त्यांची आणि अधिकारांची नोंद ठेवणाऱ्या सर्व्हरांपैकी घानामधील एकच शाबूत राहिला, आणि तोही तिथली वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटला होता म्हणून. वीज गेली की आपण चरफडतो. त्या कंपनीला मात्र ती पथ्यावर पडली. बॅकअपची हार्ड डिस्क काम झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी, असे छोट्या कार्यालयांनाही आवर्जून सांगितले जाते, त्याचे कारण हेच आहे.

प्रश्न : आईच्या व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका म्हणून एक एपीके फाइल (अँड्रॉइड फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल) आली आणि तिने ती इन्स्टॉल केली. आता काय करावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : हा ट्रोजन, म्हणजे निरुपद्रवी वस्तूच्या वेषात आलेला घातक प्रोग्रॅम, आहे असे समजूनच चालावे. पत्रिका हा नुसता वेष. असे अ‍ॅप एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचे ओटीपी परस्पर पुढे पाठवते. त्या फोनचे इंटरनेट लगेच बंद करावे, पण एसएमएस इंटरनेटशिवायही जात असल्यामुळे सिमकार्डही काढून ठेवावे. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग आणि यूपीआय थांबवून घ्यावे. पैसे गेले असतील तर बँकेबरोबरच सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब तक्रार नोंदवावी, कारण रक्कम पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. फोटो आणि संपर्क क्रमांक उतरवून फोन फॅक्टरी रीसेट करावा. अशी अ‍ॅप आपले चिन्ह लपवतात, म्हणून नुसते अ‍ॅप काढून टाकण्यावर विसंबू नये. बँकेचे पासवर्ड रीसेटनंतर किंवा दुसऱ्या फोनवरून बदलावेत.