ट्रेलर की ट्रक: एडिसनहून डॅलसला बिऱ्हाड नेताना

कंपनी तुम्हाला पुण्याहून आधी वर्षभर न्यू जर्सीत ठेवणार आणि मग डॅलसला पाठवणार आहे. त्या वेळी सामान आपल्या गाडीमागे ट्रेलर लावून न्यावे की ट्रक भाड्याने घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, बँक, कर यांविषयी सरकारी पानांवर भरपूर माहिती आहे, ती मी पुन्हा सांगत नाही. हाच प्रवास आम्ही 2014 साली न्यू जर्सीतल्या एडिसन गावाहून ट्रेलर घेऊन केला, आणि तो निर्णय अजून माझ्या मनातून गेलेला नाही, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

ट्रेलरचे भाडे ट्रकच्या मानाने फारच कमी असते आणि तेवढेच पाहून माणूस फसतो. ट्रेलर ओढायचा तर गाडीला हिच, म्हणजे ट्रेलर अडकवायचा आकडा, बसवावा लागतो, ट्रेलरच्या दिव्यांची तार जोडून घ्यावी लागते, आणि मुळात गाडीत तेवढा दम असावा लागतो. आपले लोक आल्याआल्या जी छोटी सेडान घेतात तिच्या पुस्तिकेत पुष्कळदा ट्रेलर ओढू नये असेच छापलेले असते. 5 फूट रुंद आणि 8 फूट लांब असा बंद ट्रेलर रिकामाच सुमारे 900 पौंडांचा भरतो. यू-हॉल या भाड्याने वाहने देणाऱ्या कंपनीच्या ट्रेलरवर ताशी 55 मैलांची मर्यादा लिहिलेली असते, आणि एडिसन ते डॅलस हे अंतर सुमारे 1,500 मैल आहे. व्हर्जिनियात 81 क्रमांकाच्या महामार्गावर बाकीची वाहने 70 च्या वेगाने बाजूने निघून जात असताना उजव्या लेनमधून रखडत जाण्याचा कंटाळा कोणत्याही हिशेबात धरलेला नसतो.

वजनाचा सुमारे 60 टक्के भाग ट्रेलरच्या पुढच्या अर्ध्यात ठेवायचा असतो. आम्ही स्वयंपाकघर शेवटी आवरले, म्हणून कुकर, मिक्सर, धान्याचे डबे सगळे मागे गेले, आणि पहिल्याच लांब उतारावर ट्रेलर शेपटीसारखा हलू लागला. अशा वेळी ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरून अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढायचा, हे मला नंतर कळले. ट्रेलरसह गाडी मागे घेताना हात स्टिअरिंगच्या तळाशी ठेवावा. हात ज्या बाजूला न्याल त्या बाजूला ट्रेलर वळतो. हे शिकेपर्यंत मी एका मोटेलच्या आवारात पाऊण तास घालवला आणि सहा वर्षांची मुलगी मागच्या सीटवरून ते सगळे पाहत होती.

मग ट्रक का घेतला नाही? ट्रक घेतला की गाडी दुसऱ्या कोणीतरी चालवावी लागते, आणि माझ्या पत्नीच्या परवान्याची मुदत नेमकी संपली होती. परवाना व्हिसाच्या तारखेला बांधलेला, व्हिसाची मुदतवाढ प्रलंबित, आणि परवाना कार्यालयातल्या खिडकीवरचा माणूस दर वेळी आणखी एका कागदाची मागणी करत असे. आम्ही चार खेपा घातल्या. गाडी ट्रकमागे वाहक-ट्रेलरवर चढवूनही नेता येते, पण इतके लांब धूड चालवण्याची माझी हिंमत झाली नाही.

ट्रेलर भरला तेव्हा मुलीच्या मराठी पुस्तकांची पेटी बाहेरच राहिली. पुस्तके जड असतात, आणि रात्री अकरा वाजता जी वस्तू जड ती नको असे वाटू लागते. नंतर मागवून घेऊ, असे म्हणून ती शेजाऱ्यांच्या तळघरात ठेवली. पुढे त्यांनीही घर बदलले.

शाळेचे याला जोडूनच सांगतो. एडिसनच्या शाळेतल्या अर्जात घरी कोणती भाषा बोलता, असे विचारले होते. मी अभिमानाने मराठी लिहिले, आणि पुण्यात इंग्रजी माध्यमाची बालवाडी केलेल्या मुलीची चाचणी घेऊन तिला रोज वर्गातून उठवून इंग्रजीच्या वेगळ्या तासाला बसवू लागले. डॅलसजवळच्या शाळेत तोच प्रश्न आला तेव्हा मी इंग्रजी असे लिहिले. पत्नी शेजारीच बसली होती, काही बोलली नाही. मुलगी आता कॉलेजात आहे, मराठी तिला समजते, उत्तर ती इंग्रजीत देते, आणि ती पेटी सोबत असती तर वेगळे झाले असते असे मी म्हणत नाही, पण 10 फुटी ट्रकमध्ये ती सहज मावली असती.

एकटेपणाची काळजी करू नका. डॅलसला महाराष्ट्र मंडळ आहे, सवय होते.

तेव्हा माझे मत ट्रकच्या बाजूने आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाला 15 फुटी ट्रक पुरतो आणि तो साध्या परवान्यावर चालवता येतो. एकेरी भाड्यात दिवस आणि मैल ठरलेले असतात, त्यापुढचे पैसे वेगळे पडतात, म्हणून एक दिवस जास्तीचा मागून घ्या. गाडीचा विमा भाड्याच्या ट्रकला बहुधा लागू होत नाही, हे आधी विचारा. महिनाअखेरीस सगळेच घर बदलतात, म्हणून तारीख मधल्या आठवड्यातली घ्या. गाडी पत्नीने मागून चालवावी, आणि त्यासाठी न्यू जर्सीत पोहोचल्यावर पहिल्याच महिन्यात तिचा परवाना काढून त्यावरची मुदतीची तारीख पाहून ठेवा.