शिळाछाप जाहिरातींविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: शिळाछाप म्हणजे दगडावर कोरून छापलेले चित्र का?

उत्तर: नाही, या पद्धतीत काहीच कोरलेले नसते. बव्हेरियातील आलोइस झेनेफेल्डर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस ती शोधली. बव्हेरियातल्याच झोल्नहोफेन गावच्या घोटलेल्या चुनखडीवर तेलकट खडूने उलटे चित्र काढतात आणि त्यावर किंचित नायट्रिक आम्ल घातलेले डिंकाचे पाणी लावतात. मग दगड ओला ठेवून शाईचा रूळ फिरवला, की ओली जागा शाई झिडकारते आणि तेलकट रेघ ती धरून ठेवते.

प्रश्न: व्यापाऱ्यांना तिचा एवढा उपयोग का झाला?

उत्तर: खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईत अक्षरे ओतीव साच्यांत अडकलेली असत आणि चित्रासाठी लाकडी ठोकळा वेगळा कोरावा लागे, दगडावर मात्र अक्षर आणि चित्र एकाच हाताने उतरू लागले, त्यामुळे मालाचे नाव चित्रातल्या नर्तिकेच्या घेराभोवती वळवणेही शक्य झाले. प्रत्येक रंगाला स्वतंत्र दगड लागे आणि रंग केसभर सरकला तरी चेहरा बिघडे. लंडनमध्ये अनुभव घेऊन आलेले फ्रेंच चित्रकार झ्यूल शेरे यांनी १८६६ साली पॅरिसमध्ये छापखाना काढला आणि मोजक्याच दगडांतून, एका रंगातून दुसऱ्यात विरत जाणारी पार्श्वभूमी वापरून, भिंतीएवढी चित्रे छापली. फ्रान्सच्या १८८१च्या मुद्रणविषयक कायद्याने भिंतपत्रे लावणे सोपे केले. पांढरा कागद मात्र सरकारी सूचनांसाठीच राखीव राहिला, म्हणजे रंगीत जाहिरातीला कायद्याचाही थोडा हातभार लागला! माझ्या मते शेरे यांचे खरे कसब चित्रकलेपेक्षा या काटकसरीत आहे.

प्रश्न: आपल्याकडे याचे काही नाते आहे का?

उत्तर: आहे. शिळाछाप चित्रे छापणारे पुण्याचे चित्रशाळा प्रेस १८७८चे. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला, नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला आणि पुढे फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. तिथे देवादिकांच्या चित्रांबरोबरच लेबले व कॅलेंडरे अशी व्यापारी कामेही होत असत.

प्रश्न: घरातले जुने जाहिरातचित्र मूळ शिळाछाप आहे हे कसे ओळखावे?

उत्तर: दहापट भिंगाखाली गालाचा किंवा आकाशाचा भाग पाहा. खडूचे वेडेवाकडे कण किंवा हाताने टिंबलेले असमान ठिपके दिसले, तर ते शिळाछाप असण्याचा संभव मोठा. ठिपके नेमक्या ओळींत बसून फुलांसारखी नक्षी होत असेल, तर ते नंतरचे ऑफसेट, म्हणजे यंत्राने ठिपक्यांत फोडून छापलेले, पुनर्मुद्रण समजावे.