डिस्चार्ज बुकात नसलेलं मेडल

माजी सैनिक आणि कुटुंबीयांचे प्रश्न

प्रश्न : वडील आता 80 वर्षांचे आहेत. 1964 साली मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले, 1971 च्या युद्धात पूर्व आघाडीवर होते आणि 1982 मध्ये हवालदार म्हणून पेन्शनवर आले. डिस्चार्ज बुकात संग्राम मेडल आणि सैन्य सेवा मेडल एवढंच लिहिलं आहे, 'पूर्वी स्टार' (1971 च्या पूर्व आघाडीच्या लढाईचं मेडल) नाही. वडील म्हणतात, लढाईनंतर लगेच मी आजारी पडलो आणि इस्पितळात होतो. नोंद दुरुस्त करून घ्यायला कुठे आणि काय लिहायचं?
– एक वाचक, भांडुप

उत्तर : आधी एक गोष्ट लक्षात घ्या. डिस्चार्ज बुक ही नक्कल असते, मूळ नोंद नव्हे. जवानाला मेडल लागू झालं की त्याची युनिट 'पार्ट टू ऑर्डर' (सेवानोंदीतला बदल कळवणारा हुकूम) काढते. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथे शीट रोलमध्ये (सैनिकाच्या मूळ सेवापत्रकात) नोंद होते आणि माणूस घरी जायच्या वेळी शीट रोलवरून डिस्चार्ज बुक भरलं जातं. म्हणजे मेडल तीन ठिकाणी गळू शकतं. ऑर्डरच निघाली नाही, किंवा निघाली पण शीट रोलवर चढली नाही, किंवा शीट रोलवर आहे आणि बुकात उतरवायची राहिली. तिसरी चूक एका पत्रात सुटते. पहिलीला पुरावा लागतो. त्यामुळे पहिलं पत्र मेडल मागण्याचं नसावं, शीट रोलच्या मेडलच्या पानाची प्रमाणित प्रत मागण्याचं असावं.

युद्धाची मेडल युद्ध संपल्यावर जाहीर होतात आणि त्यानंतर युनिटमध्ये याद्या होतात. त्या वेळी जो इस्पितळात, रजेवर, कोर्सवर किंवा दुसऱ्या युनिटला अटॅच असतो, त्याचं नाव राहून जातं; इकडच्यांना वाटतं तिकडचे घालतील, तिकडच्यांना वाटतं इकडचे. संग्राम मेडलचा काळ 3 डिसेंबर 1971 ते 20 डिसेंबर 1972 असा लांब आहे आणि त्यात जम्मू-काश्मीर, पंजाब, राजस्थान, गुजरातपासून आसाम, त्रिपुरापर्यंतचा भाग येतो, त्यामुळे ते उशिरानेही मिळून जातं. पूर्वी स्टारला मात्र डिसेंबर 1971 मधल्या युद्धाच्या दोन आठवड्यांत माणूस पूर्वेच्या लढाईच्या भागात होता, हे दाखवावं लागतं. संग्राम मेडल हा त्याचा पुरावा होत नाही.

आता वडिलांच्या तारखा मांडा, कारण तुमच्या यादीत बहुधा एकच मेडल कमी नाही. 15 ऑगस्ट 1972 रोजी ते सेवेत होते, म्हणजे स्वातंत्र्याच्या 25 व्या वर्धापनदिनाचं मेडल हवं. सेवा 18 वर्षांची, म्हणजे 9 वर्षांच्या दीर्घ सेवेचं मेडल हवं (20 वर्षांचं लागू नाही). 1965 च्या युद्धाच्या वेळी ते भरती झालेले होते, म्हणून रक्षा मेडलची पात्रताही तपासून मागा. घरच्यांचं सगळं लक्ष लढाईच्या मेडलकडे असतं आणि ही साधी मेडल राहून जातात, वास्तविक ती फक्त तारखांवर सिद्ध होतात.

मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला आहे. (इतर वाचकांसाठी : महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला. मधे कोअर बदलली असेल तर शेवटच्या कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं.) शीट रोलची प्रत आली की मेडलचा अर्ज करायचा, 'ऑफिसर इन्चार्ज, रेकॉर्ड्स' यांच्या नावे, वडिलांच्या सहीने. वर फौजी नंबर, रँक, नाव, भरती आणि डिस्चार्जची तारीख, पीपीओ (पेन्शनचा हुकूम) नंबर. खाली प्रत्येक मेडलचा वेगळा परिच्छेद : मेडलचं नाव, त्या काळातली युनिट आणि कंपनी, ठिकाण, तारखा, जोडलेला पुरावा. 'राहिलेली सर्व मेडल मिळावीत' हे वाक्य कुठेही नको. त्याला 'रेकॉर्डनुसार अन्य मेडलची नोंद नाही' असं ठरलेलं उत्तर येतं आणि फाइल बंद होते. नोंद नसणं वेगळं आणि हक्क नसणं वेगळं. शेवटी स्पष्ट लिहा : पार्ट टू ऑर्डर निघाली असेल तर तिचा नंबर आणि तारीख कळवावी, निघाली नसेल तर प्रकरण युनिटकडे पडताळणीसाठी पाठवावं.

पुरावा म्हणून सगळ्यात वजनदार कागद म्हणजे इस्पितळाचा. कोणत्या तारखेला कोणत्या युनिटमधून कोणत्या इस्पितळात आणलं, हे त्यात असतं, म्हणजे ज्या आजारपणामुळे नाव राहिलं तेच आजारपण साक्ष देतं. त्यानंतर त्याच पलटणीतल्या साथीदाराचं प्रतिज्ञापत्र. त्यात त्याचा स्वतःचा फौजी नंबर आणि त्याच्या पूर्वी स्टारच्या नोंदीची झेरॉक्स हवी, नुसतं 'आम्ही एकत्र होतो' याला किंमत नाही. घरी आलेली जुनी पत्रं, मनीऑर्डरच्या पावत्या शोधा. पत्त्यात 99 एपीओ (फौजेचं टपाल कार्यालय) असेल तर ते टपाल पूर्वेकडच्या भागातलं; 56 एपीओ असेल तर त्याचा उपयोग नाही. हा जोडपुरावा आहे, एकट्यावर दावा उभा राहत नाही. फोटोचा उपयोग फारच थोडा.

नावाचं तेवढं पाहा. फौजेच्या कागदावर नुसतं नाव-आडनाव आणि आधारवर मधे वडिलांचं नाव, किंवा 'सावंत' एकीकडे डब्ल्यूने आणि दुसरीकडे व्हीने, यावर कितीतरी अर्ज अडतात. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत लावा. पण नावदुरुस्तीची मागणी या अर्जात घालू नका. त्याची फाइल वेगळी चालते आणि ती संपेपर्यंत मेडलची हलत नाही.

डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाची झेरॉक्स जोडा, मेडलचं पान अर्धं कोरं असलं तरी. मूळ बुक पहिल्या पत्रासोबत कधीही पाठवू नका. दुरुस्ती मंजूर झाल्यावर नोंद घालायला ते मागवलं जाईल. तेव्हा शक्य असेल तर स्वतः घेऊन जा आणि पोच घ्या. बुकात घरच्या कोणी पेनाने काही लिहू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय अर्ज तपासून पुढे पाठवतं आणि तो पाठपुरावा उपयोगी पडतो, पण बुकात नोंद करायचा अधिकार त्यांनाही नाही. मेडलची नोंद करून द्यायला पैसे मागणाऱ्या मध्यस्थाला दारात उभं करू नका.

लेखी नकार आला तर मलबार हिलला ए. जी. बेल मार्गावरच्या एमटीएनएल इमारतीत सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. अंतिम नकारापासून सहा महिन्यांत जावं लागतं आणि आधी खात्यातले मार्ग संपवलेले असावे लागतात. म्हणून प्रत्येक पत्राची पोच आणि प्रत्येक उत्तराचा लिफाफासुद्धा तारखेसह ठेवा.

प्रश्न : माझे पती 1968 ते 1975 फौजेत होते. पेन्शन नव्हती. त्यांचे सगळे कागद 26 जुलै 2005 च्या पुरात गेले. आता ते नाहीत. त्यांची मेडल कोणती होती हे नातवंडांसाठी तरी कळेल का?
– एक वाचक, कुर्ला

उत्तर : कळू शकतं, पण इथे काळ तुमच्या विरुद्ध आहे आणि ते स्पष्ट सांगायला हवं. पेन्शन नसलेल्या सैनिकांचे सेवाकागद सेवा संपल्यावर 25 वर्षं ठेवून नष्ट करतात. तुमच्या पतींच्या बाबतीत ती मुदत 2000 च्या सुमारास संपली. कायम ठेवतात तो 'लाँग रोल'. त्यात भरती-डिस्चार्जच्या तारखा आणि मोजका तपशील असतो. तेव्हा शीट रोल मागण्यापेक्षा लाँग रोलचा उतारा मागा.

यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज चांगला. फी 10 रुपये, पोस्टल ऑर्डरने किंवा केंद्र सरकारच्या आरटीआय संकेतस्थळावर ऑनलाइन. उत्तराची मुदत 30 दिवस. सोबत विवाहाचा पुरावा आणि मृत्यूचा दाखला जोडा, नाहीतर परक्याची व्यक्तिगत माहिती म्हणून अर्ज नाकारला जातो. फौजी नंबर आठवत नसेल तर आधी तोच शोधा : जुनी पत्रं, ट्रंकेवर रंगवलेली अक्षरं, गावाकडच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातली नोंदणी. एखादं मेडल वाचलं असेल तर त्याची कड भिंगाखाली पाहा. नंबर आणि नाव बहुधा तिथे कोरलेलं सापडतं.

लाँग रोलमधल्या तारखा हाती आल्या की बरंचसं उलगडतं. ते 1972 च्या 15 ऑगस्टला सेवेत होते, म्हणजे 25 व्या वर्धापनदिनाचं मेडल त्यांचं. संग्राम मेडलसाठी त्या वर्षभरातली पोस्टिंग लागेल. 7 वर्षांच्या सेवेत दीर्घ सेवेचं मेडल येत नाही. कागद पुरात गेल्याची पोलिसांकडची हरवल्याची नोंद आत्ता करून ठेवा. डिस्चार्ज बुकाऐवजी दाखला मागताना ती लागते.

प्रश्न : मी नौदलातून पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. 1971 मध्ये दोन जहाजांवर होतो. स्टारची नोंद चुकीच्या आघाडीची (पूर्वेची की पश्चिमेची) झाली आहे असं मला वाटतं.
– एक वाचक, चेंबूर

उत्तर : तुमचं कार्यालय जवळच आहे : मानखुर्दच्या चीता कॅम्पमधलं कमोडोर, ब्यूरो ऑफ सेलर्स. (अधिकाऱ्यांच्या नोंदी दिल्लीला नौदल मुख्यालयात असतात.) नौदलात प्रश्न जहाजाचा असतो. डिसेंबरच्या त्या दिवसांत तुमचं नाव कोणत्या जहाजाच्या पटावर होतं आणि ते जहाज बंगालच्या उपसागरात होतं की अरबी समुद्रात, एवढंच ठरवायचं आहे. अर्जात दोन्ही जहाजांवर रुजू झाल्याच्या आणि सोडल्याच्या तारखा द्या आणि ड्राफ्टच्या (नौदलातल्या बदलीच्या) नोंदीशी ताडून पाहण्याची विनंती करा. बदलीचा हुकूम निघाल्याची तारीख आणि प्रत्यक्ष जहाज सोडल्याची तारीख यांतल्या फरकामुळेच असा घोटाळा होतो, तेव्हा दुसरी तारीख धरा.

प्रश्न : सासऱ्यांना सेना मेडल आहे. पीपीओत त्याचा उल्लेख नाही, भत्ताही मिळत नाही. शिवाय त्यांची वीर चक्रासाठी शिफारस झाली होती, असं ते सांगतात. तीही नोंद होईल का?
– एक वाचक, दहिसर

उत्तर : आधी प्रशस्तिपत्र वाचा. सेना मेडल शौर्यासाठी असतं आणि विशिष्ट सेवेसाठीही असतं. मासिक भत्ता फक्त शौर्याच्या मेडलला. 1 ऑगस्ट 2017 पासून तो महिना 2,000 रुपये आहे. शौर्य पदकाची घोषणा भारताच्या राजपत्रात होते. त्या अधिसूचनेचा नंबर, तारीख आणि प्रत मिळाली की नोंद नाकारायला कोणाला जागा उरत नाही. ती प्रत लावून रेकॉर्ड ऑफिसकडे नोंद आणि भत्त्यासह सुधारित पीपीओ, अशा दोन्ही मागण्या करा; पुढचा हुकूम प्रयागराजच्या पेन्शन लेखा कार्यालयातून निघतो आणि 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन खात्यात दिसतो. थकबाकी कोणत्या तारखेपासून हवी ते अर्जात लिहा. पतीनंतर हा भत्ता पत्नीला चालू राहतो, म्हणून सासूबाईंचं नाव आणि जन्मतारीख पीपीओत बरोबर आहे का तेही याच वेळी पाहून घ्या. महाराष्ट्र शासनाचं शौर्य पदकधारकांसाठीचं अनुदान वेगळं, त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

वीर चक्राची शिफारस झाली असेल, पण राजपत्रात नाव आलं नसेल तर तिथे नोंद दुरुस्त करण्यासारखं काही नाही. नोंददुरुस्ती म्हणजे दिलेला सन्मान कागदावर आणणं. न दिलेला सन्मान रेकॉर्ड ऑफिस देऊ शकत नाही. दोन्ही मागण्या एका अर्जात घातल्या तर सेना मेडलची सोपी फाइलही अडकेल.