विषयवारी यादीत कर, कागदांत नको

प्रिय मुली,

तुझ्या लांबलचक पत्रात खरा प्रश्न एकच आहे. नाटकं बसवणाऱ्या आणि नाटकावर लिहिणाऱ्या तुझ्या सरांच्या कागदांचे दोन भाग करावेत का, एक दिग्दर्शकाचा आणि एक अभ्यासकाचा? उत्तर आहे, नाही. समितीतल्या कुणी कितीही समजावलं तरी नाही.

तूच लिहिलं आहेस की कोरसवरच्या, म्हणजे नाटकात एकत्र बोलणाऱ्या-गाणाऱ्या समूहावरच्या, एका टंकलिखित निबंधाच्या पाठकोऱ्या बाजूला पेन्सिलीने रंगमंचाचा चौकोन काढलाय. त्यात दोन फुल्या, एक बाण आणि बाणापाशी ‘इथे थांबू दे’. पुढच्या बाजूला कोरसच्या स्तब्ध उभं राहण्याबद्दलचं वाक्य खोडून खोडून पुन्हा लिहिलंय. हा कागद तू कुठल्या ढिगात टाकणार आहेस? नट आधी थांबला आणि त्यातून वाक्य सुचलं, की वाक्य अडलं म्हणून त्यांनी तालमीत नटाला थांबवून पाहिलं? हे उद्या कुणीतरी शोधून काढेल. पण या दोन्ही बाजू एकाच कागदाच्या आहेत म्हणूनच तो प्रश्न विचारता येतो. एक कागद फाडायला कुणीही धजावत नाही. शेजारशेजारचे दोन कागद मात्र आपण ‘व्यवस्थित लावण्याच्या’ नावाखाली बिनदिक्कत वेगळे करतो, आणि नुकसान तेवढंच होतं.

हे माझं खूळ नव्हे. एका संस्थेचे, घराण्याचे किंवा माणसाचे कागद एकत्र राहावेत, ते इतरांच्या कागदांत मिसळू नयेत, असं फ्रान्सच्या गृहखात्याने १८४१ सालच्या परिपत्रकात सांगितलं. १८९८ मध्ये म्युलर, फाइट आणि फ्रुइन या तीन डच अभिलेखपालांनी आपल्या नियमपुस्तिकेत त्याच्याही पुढे जाऊन कागदांची मूळ मांडणी राखण्याचा आग्रह धरला. त्याच वर्षी रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की मॉस्कोपासून दूर बसून चेखवच्या ‘सीगल’ नाटकाची रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगाचा बारीकसारीक आराखडा, लिहीत होता आणि एकेक अंक आपला नाट्यसंस्थेतला सहकारी नेमिरोविच-दान्चेन्को याला पाठवत होता. कोण कुठून येईल, कुठे वळेल, बेडूक कधी ओरडतील, लांबवर कुत्रं कधी रडेल, सगळं त्याने टेबलाशी बसूनच ठरवून टाकलं होतं. पुढे हाच माणूस नटांना सांगू लागला की हालचाल तुमची तुम्ही शोधा. नुसते सिद्धांताचे कागद वाचणाऱ्याला वाटेल, तो जन्मभर असंच म्हणत आला. नुसत्या रंगावृत्त्या पाहणाऱ्याला तो नटांना बोट धरून चालवणारा वाटेल. एका मताकडून दुसऱ्या मताकडे तो कसा गेला, हे दोन्ही समोर ठेवल्याशिवाय दिसत नाही. सरांचंही तेच आहे. तू त्यांच्याकडे शिकलीस, हे तुला मी सांगायला नको होतं.

म्हणून पुन्हा सांगतो. विषयवारी यादीत कर, कागदांत करू नकोस. यादीत एकाच कागदाची नोंद ‘कोरस’, ‘तालीम’, ‘नेपथ्य’ अशी हव्या तितक्या ठिकाणी करता येते. खोक्यात त्याला एकच जागा असते.

मी इतका हट्टाने का बोलतो? एका संस्थेत असाच एक मोठा संग्रह आला होता. प्रदर्शनाची घाई होती. पोस्टर्स, छायाचित्रं, नेपथ्याचे रंगीत आराखडे, जे जे देखणं होतं ते वेगळं काढलं गेलं. तालमीच्या वह्या, हिशेब, प्रकाशयोजनेचे चिटोरे ‘किरकोळ’ म्हणून एका कोपऱ्यात गेले आणि तिथून रद्दीत. मी भांडलो. मला चेंगट म्हटलं गेलं, ‘यांची यादी कधी संपणार’ म्हणून बैठकीत विचारलं गेलं आणि शेवटी ते काम माझ्याकडून काढून घेतलं. आज त्या आराखड्यांपुढे बसलेला विद्यार्थी विचारतो, हा कोणत्या नाटकाचा, कोणत्या साली केलेला? उत्तर कुणाकडेच नाही, कारण ज्या वहीत तो खोचलेला होता ती वहीच उरलेली नाही. मी सावकाश काम करत होतो आणि तसंच करायला हवं होतं. आजही मी त्याच वेगाने करीन.

‘पण सगळं अस्ताव्यस्त आहे,’ असं तू म्हणतेस. कुणी केलेलं अस्ताव्यस्त? घर बदलताना मुलांनी खोकी भरली असतील तर ती मांडणी सरांची नाही, आणि तेही लिहून ठेवायला हवं. पण त्यांच्या टेबलावरून उचलून जसंच्या तसं भरलेलं खोकं असेल, तर त्या पसाऱ्यातच तारखा लपलेल्या असतात. तारीख नसलेली टिपणं बहुतेक वेळा आजूबाजूच्या कागदांवरूनच ओळखता येतात. खोकं उघडलंस की हात लावायच्या आधी फोटो काढ. खोकं, फाइल, पान असा क्रमांक मऊ पेन्सिलीने मागच्या कोपऱ्यात घाल, शाईने मुळीच नको. गंजलेल्या टाचण्या काढाव्याच लागतील; कोणती पानं एकत्र टाचलेली होती याची नोंद त्याच क्षणी कर, संध्याकाळी आठवून नको. चिकटपट्ट्या सोलायच्या फंदात पडू नकोस, ते जतन करणाऱ्या जाणकाराचं काम. लॅमिनेशनचं नाव कुणी काढलं तर त्याला खोलीबाहेर घालव. संगणकातल्या फाइली उत्सुकतेपोटी उघडून सेव्ह केल्यास तर बदलाच्या तारखा पुसल्या जातील. आधी अख्ख्या डिस्कची प्रत करून घे, मग प्रतीत काय ते बघ.

राहिली ती पत्रं, कुटुंबाला काढून टाकायची आहेत ती. त्यांचा संकोच खरा आहे, त्यांच्याशी मायेनेच बोल. पण जाळू देऊ नकोस, गुपचूप बाजूलाही ठेवू नकोस. पाकीट मोहोरबंद करायचं, कोणत्या सालापर्यंत उघडायचं नाही ते वर लिहायचं, आणि यादीत त्या जागी ‘बंद’ अशी नोंद ठेवायची. शिवाय सरांना आलेल्या पत्रांतल्या मजकुराचा हक्क सहसा लिहिणाऱ्याकडे असतो, हेही त्यांना सांग. कागद घरात आहे म्हणून मजकूर छापायची मुभा मिळत नाही, हे कळलं की बरीचशी भीती जाते. घरच्यांशी बोलणं अवघड वाटत असेल तर मला कळव, मी बरोबर येईन.

तुझा,
काका